ढवळणे चालू, निवळणे बाकी

पाणी शुद्धीकरण केंद्राची क्षमता ठरवणे कागदावर अगदी सोपे. भावी लोकसंख्येला माणशी १३५ लिटरने गुणायचे, वर १५ टक्के गळती धरायची, झाले! छत्रपती संभाजीनगरसाठी नक्षत्रवाडीला आखलेले केंद्र ३९२ एमएलडीचे, म्हणजे दिवसाला ३९ कोटी २० लाख लिटरचे. या हिशेबाने ते सुमारे पंचवीस लाख माणसांना पुरावे. २०११च्या जनगणनेत शहर पावणेबारा लाखांचे होते आणि २०२१ साली व्हायची जनगणना त्या साली झालीच नाही. एका अर्थी बरेच झाले. मोजणी नसली की लोकसंख्या मुकाट्याने आराखड्याच्या आज्ञेत वाढते.

अडते ते वर्षांपाशी. १९९९च्या केंद्रीय नियमपुस्तिकेने शुद्धीकरण केंद्राला १५ वर्षे पुरण्याची मुदत दिली आणि मुख्य जलवाहिनीला ३० वर्षांची. ही मुदत योजना ज्या साली पुरी व्हायची ठरते, त्या सालापासून धरतात. शहर मात्र ठेकेदाराला मुदतवाढ मिळाली म्हणून वाढायचे थांबत नाही. डिसेंबर २०२० मध्ये संभाजीनगरच्या या पाणी योजनेचे भूमिपूजन झाले तेव्हा आकडा १,६८० कोटींचा होता, पुढे तो २,७४० कोटींवर गेला. पाणी येण्याआधी खर्चाला पूर आला. याउलट शुद्धीकरणाची रीत पाहा: पावसाळ्यात गढूळ पाणी आले की केंद्रातला रसायनतज्ज्ञ सहा चंचुपात्रे ओळीने मांडतो, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा घालतो, आधी जोरात, मग हळू ढवळतो आणि शेवटी ढवळणे थांबवून गाळ कुठे नीट बसतो ते पाहतो. योजनेच्या फायलीच्या बाबतीत ही शेवटची पायरी कुणाला ठाऊकच नाही.

यावर म्हणतील, पैठणहून अडीच मीटर व्यासाची, आत माणूस फेट्यासकट ताठ चालेल अशी जलवाहिनी आणायची, तर वेळ लागणारच. मान्य! पण रस्ता, जागा, परवानग्या नकाशावर पहिल्या दिवसापासून दिसत होत्या. तो वेळ आधीच हिशेबात धरायला हवा होता. शिवाय केंद्र टप्प्याटप्प्याने बांधता येते: वाढीव गाळण टाक्यांची जागा राखून ठेवायची आणि जलवाहिनी व जलकुंभ तयार होतील तसे टप्पे सुरू करायचे. अर्थात यात एकच मोठे उद्घाटन मिळत नाही, ही त्रुटी गंभीर आहे.

पुढच्या वेळी फलकावर एमएलडीचा आकडा दिसला, तर तो कोणत्या सालच्या लोकसंख्येचा, एवढे विचारा. तोवर घरातले पिंप झाकून ठेवा. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, त्याला मुदतवाढ लागत नाही.