बत्तीस बोअरचे मालक

ज्याच्या घरी कधी चोरी झालेली नाही, ज्याचे कोणाशी हाडवैर नाही, ज्याचा भाऊबंदकीचा दिवाणी दावादेखील उभयपक्षी तडजोड होऊन निकालात निघालेला आहे, आणि तरीही वयाची पन्नाशी उलटल्यावर आपल्यापाशी एक रिव्हॉल्व्हर असलेच पाहिजे असे ज्याच्या मनाने घेतलेले आहे, असा एक तरी गृहस्थ प्रत्येक पेठेत असतो. सोलापुरात भवानी पेठेमध्ये, रूपाभवानीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे, यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात वास्तव्य करणारे आमचे एक स्नेही याच कोटीतले. पेठ त्यांना 'मालक' म्हणते. सोलापुरात मालक म्हणवून घेण्यास चार माग पुरतात. आमच्या स्नेह्यांपाशी त्याहून पुष्कळ अधिक आहेत, आणि ते अधिक असल्याची जाणीव चारचौघांस राहावी, याच हेतूने त्यांनी शस्त्राच्या परवान्यासाठी दरखास्त दिली असावी, असा आमचा तर्क आहे.

दरखास्तीच्या नमुन्यात शस्त्र कशासाठी हवे, त्याचे कारण लिहावे लागते. मालकांनी तेथे सोलापूरचा इतिहास लिहिला. मे १९३० मध्ये या शहराने मार्शल लॉ पाहिला, १२ जानेवारी १९३१ रोजी येथील चार वीर येरवड्यास फाशी गेले, सबब या शहरातील नागरिकाने निःशस्त्र राहणे शोभत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दफ्तरातील कारकुनाने तो सर्व मजकूर तांबड्या शाईने शांतपणे खोडून त्या जागी 'आठवड्याच्या पगाराची रोकड बाळगावी लागते' एवढे पाच शब्द घातले. इतिहासाला इतक्या थोडक्यात आटोपणारा मनुष्य मालकांनी पूर्वी पाहिला नव्हता. ते त्याच्याविषयी आजही आदराने बोलतात. पुढे २०१६ च्या नियमांप्रमाणे शरीर व मन दोन्ही सुस्थितीत असल्याचा वैद्यकीय दाखला हवा, म्हणून ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ''राग येतो का ओ मालक?'' डॉक्टरांनी विचारले. ''येतो की. धागा तुटला की येतो.'' हा रोग नसून धंदा आहे, असा निर्णय करून डॉक्टरांनी शिक्का मारला. पोलीस ठाण्यातून चौकशी झाली, शेजाऱ्यांचे जबाब झाले, शस्त्र कसे हाताळावे याचे शिक्षण झाले, आणि यथावकाश आयुक्तालयातून परवाना मिळाला.

येथपर्यंतचा प्रवास सामान्य माणसालाही साधतो. मालकांचे असामान्यत्व प्रकट झाले ते निवडीच्या वेळी. वास्तविक या देशात सामान्य नागरिकाने निवड करावी असे फारसे काही शिल्लकच ठेवलेले नाही. .३८०, .४५५, ९ मिलिमीटर ही पोलिसांच्या व लष्कराच्या शस्त्रांची तोंडे. सरकारी काडतूस खासगी नळीत जाऊ नये, या धोरणाने ती बोअर प्रतिबंधित ठरलेली. परदेशी शस्त्रे मागविण्याचा मार्ग १९८० नंतरच्या दशकात बंद झालेला. बाकी राहिले ते मुख्यतः .३२ बोअर. म्हणजे सरकारने निवड आधीच करून ठेवली होती. मालकांना केवळ विचार करावयाचा होता, आणि विचार करण्यात मालक कोणाला हार जाणारे नव्हते.

प्रथम त्यांच्या दृष्टीपुढे 'निर्भीक' आले. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलेले हे टायटॅनियम धातूचे रिव्हॉल्व्हर. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत त्या वेळीच सव्वा लाखाच्या घरात. ''बायकांसाठी काढलेली वस्तू आपण कशी वापरावी?'' असा प्रश्न मालकांनी भोजनप्रसंगी उपस्थित केला. कडक भाकरी मोडता मोडता मालकीणबाई म्हणाल्या, ''मग परवाना माझ्याच नावावर का नाही काढला?'' निर्भीकाचे प्रकरण त्या रात्री दाखल होताक्षणीच निकालात निघाले.

त्यानंतर एका जुन्या जमीनदार घराण्याच्या कपाटातील विलायती वेब्लीची वार्ता आली. आयात बंद असल्यामुळे असल्या वस्तूंचे मोल त्यांच्या गुणांपेक्षा त्यांच्या दुर्मिळतेने ठरते, हे व्यापारी असल्यामुळे मालकांस सांगावे लागले नाही. परंतु कळ दाबताच ते रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मधोमध दुमडले, नळीने मान खाली घातली, आणि मोकळी चक्री समोर उघडी झाली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. जी वस्तू आपल्यापुढे पहिल्याच भेटीत मोडते, ती चोरापुढे कशी ताठ उभी राहील? सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर टाकण्यासाठीच ही योजना आहे, आणि कानपूरचे साधे .३२ रिव्हॉल्व्हरही वेब्लीच्याच वंशातले असल्यामुळे तेही असेच दुमडते, असे दुकानदाराने समजाविले, तेव्हा तर ते कित्येक दिवस खिन्न होते.

या खिन्नतेतून त्यांना बाहेर काढले ते काडतुसाने. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ सालचे, आणि तेही १८७८ मधील एका आखूड काडतुसाची लांबी वाढवून सिद्ध केलेले. एवढी जुनी वस्तू अद्याप चालते हे कळताच मालकांचे प्रेम तिच्यावर जडले. नव्या मागापेक्षा जुना माग इमानी, हे त्यांचे मत सर्वश्रुत आहे. त्यातही कोल्ट कंपनीची हकीकत त्यांना विशेष रुचली. आपल्या रिव्हॉल्व्हरवर प्रतिस्पर्धी स्मिथचे नाव कोरणे कोल्टला अपमानास्पद वाटले, म्हणून तिने गोळीचे नाक थोडे चपटे करून जवळजवळ त्याच काडतुसाला 'कोल्ट न्यू पोलिस' असे नाव दिले. ''म्हणजे शेजाऱ्याची चादर, आपला छाप!'' मालक उद्गारले, आणि अमेरिकेविषयी त्यांच्या मनात प्रथमच आपलेपणा उत्पन्न झाला.

पुढे त्यांचे ज्ञान वाढतच गेले. .३२ म्हटली जाणारी ही गोळी प्रत्यक्षात इंचाच्या .३१२ भागाच्या आसपास भरते. सरकारी कागदांत हेच काडतूस ७.६५ × २३ मिलिमीटर म्हणून वावरते; आणि पिस्तुलाचे .३२ काडतूस निराळे, त्याची पुंगळी अवघी १७ मिलिमीटर. हे ते घोंगडे वस्तीच्या चहाच्या टपरीवर इतक्या अधिकारवाणीने सांगत की ऐकणारा साखर घालण्यास विसरे. काडतूस खडकीच्या कारखान्यात होते, हे कळल्यावर तर त्यांनी त्याला 'आपल्याकडचा माल' म्हणण्यास आरंभ केला. त्याचा जोर ९ मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाच्या आसपासच आहे, असे एका निवृत्त फौजदाराने खोडसाळपणे सुचविले, तेव्हा मालकांनी त्यास नेमबाजी ऐकविली: धक्का सौम्य, म्हणूनच नेम अचूक, जसपाल राणा यांनी १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्या प्रकारात जगभरचे नेमबाज हेच काडतूस पसंत करतात. फौजदार निरुत्तर झाले. भाच्याने लग्नाच्या वरातीत एक बार काढण्याची गळ घातली, तेव्हा २०१९ च्या दुरुस्तीनुसार असल्या हौसेला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे मालकांनी कलमासह सांगून त्यालाही गप्प केले. शेजारचे एक वडीलधारे मात्र अद्याप बधलेले नाहीत. ''कशाला ओ मालक ही भानगड? कुत्रं पाळा की,'' एवढेच ते म्हणतात.

मध्यंतरी निवडणूक लागली. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांकडील शस्त्रे ठाण्यात जमा करून घेण्याचा रिवाज आहे, त्यानुसार एक हवालदार नोटीस घेऊन दारात उभे राहिले. मालकांनी त्यांना ओसरीवर, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांस दिसेल अशा बेताने खुर्ची दिली, शेंगाचटणी व भाकरी खाऊ घातली, आणि शस्त्र अद्याप खरेदी केलेले नाही असा लेखी जबाब, दोन नकलांसह, आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिला. ''मग आम्ही काय जमा करू, मालक?'' हवालदारांनी विचारले. मालकांनी परवान्याची छायाप्रत पुढे केली. ती मूळ नोटिशीस जोडून हवालदार निघून गेले, आणि नोटिशीची पोच मालकांनी प्लॅस्टिकच्या वेष्टणात घालून ठेवली आहे.

आमच्या मते रिव्हॉल्व्हरची याहून निर्धोक अवस्था संभवत नाही, परंतु कायद्याचे मत तसे नाही. परवाना मिळाल्यावर ठराविक मुदतीत शस्त्र खरेदी करावे लागते, आणि ती मुदत आता संपत आली आहे. परवा मालक मुदतवाढीची दरखास्त घेऊन आमच्याकडे मसुदा तपासण्यासाठी आले. विलंबाच्या कारणाच्या रकान्यात त्यांनी १८७८ पासून आरंभ केला होता. आम्ही तो मजकूर त्यांच्या अनुमतीने काढून टाकला, आणि तेथे लिहिले, 'वस्तूची निवड चालू आहे.'