तेलाला ताप

काही माणसांना स्वतःचा रक्तदाब सांगता येत नाही, पण इंजिनातल्या तेलाचं तापमान झोपेतून उठवलं तरी सांगतील. आमच्या सोसायटीच्या बी-विंगमध्ये असे एक गृहस्थ राहतात. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी हिंजवडीत, मुलगी एक, कर्जं दोन आणि गाडी फियाटची अबार्थ पुंटो. ओळख करून देताना ते हीच यादी शेवटाकडून सुरू करतात आणि बहुधा गाडीपाशीच थांबतात. सोसायटीत त्यांना सगळे कूलरशेठ म्हणतात. तोंडावरही म्हणतात, त्यांना तो किताब वाटतो.

गाडीबद्दल चार शब्द लिहायला हवेत, नाहीतर शेठ रागावतील. ही गाडी 2015 साली आपल्याकडे आली. इंजिन 1.4 लिटरचं, टर्बोवालं, ताकद 145 अश्वशक्ती, बांधणी आपल्या रांजणगावची. रांजणगाव म्हटलं की तुम्हाआम्हाला महागणपती आठवतो. शेठ हात जोडतात ते कारखान्याच्या दिशेने. बाहेरून बघणाऱ्याला ती साधी पुंटोच वाटते, फक्त अंगावर विंचवाचं चिन्ह आहे. "चावला की कळतं," असं शेठ म्हणतात. आजवर तो बँकेच्या खात्यालाच चावलाय, असं वहिनींचं मत.

ही जमात मोठी आहे. कुणाकडे चाकणची पोलो जीटी, कुणाकडे जुनी ऑक्टाव्हिया आरएस. रविवारी पहाटे हायवेवरच्या एखाद्या टपरीपाशी उघड्या बोनेटभोवती, हात मागे बांधून चार-पाच माणसं गंभीर चेहऱ्याने उभी दिसली, तर गाडी बंद पडली असं समजून मदतीला जाऊ नका. गाडी उत्तम चालू असते. त्यांना नुसतं बघायचं असतं. यांच्या सुधारणांचा क्रमही ठरलेला. आधी एअर फिल्टर, मग सायलेन्सर, मग संगणकात फेरफार करून ताकद वाढवणं, ज्याला ते रिमॅप म्हणतात. ताकद वाढली की उष्णता वाढते. आणि उष्णता वाढली, किंवा वाढली असावी अशी नुसती शंका आली, की ऑइल कूलर.

शेठ रिमॅपनंतरच्या आठवड्यात त्या पायरीवर पोचले. लिफ्टमध्ये मला गाठून म्हणाले, "तेल नुसतं वंगण नाही हो. पिस्टनच्या खालची, बेअरिंगची, टर्बोच्या दांड्याची उष्णता तेलच उचलून आणतं. पाणी सगळीकडे पोचत नाही." हे अगदी खरं आहे. या लोकांशी वाद घालता येत नाही तो यामुळेच. त्यांचं शास्त्र पक्कं असतं. इंजिनातलं तेल साधारण 90 ते 110 अंशांत राहिलं की सुखी असतं. 130 च्या पुढे सारखं जाऊ लागलं तर पातळ होतं, धातूंमधला त्याचा पडदा विरतो, तेल लवकर म्हातारं होतं. मी विचारलं, "मग तुमचं किती तापतं?"

शेठ थांबले. गाडीच्या काट्यावर पाण्याचं तापमान दिसतं, तेलाचं नाही.

"म्हणजे माहीत नाही?"

"म्हणूनच तर कूलर घेतोय."

औषध आधी घरात आणायचं आणि मग आजार शोधायला निघायचं, ही या जमातीची खरी खूण.

पुढचे काही महिने निवड चालली होती. मुलीच्या दहावीनंतरच्या प्रवेशाला इतके तक्ते झाले नव्हते. नळी-पंख्यांचा घ्यावा की एकावर एक पाती रचलेला? पात्यांचाच, तो त्याच जागेत जास्त उष्णता फेकतो आणि मजबूतही असतो. स्वीडनचा सेट्रॅब की इंग्लंडचा मोकल? यावर तर त्यांच्या मित्रांमध्ये दोन तट पडले. मग रो, म्हणजे पात्यांच्या ओळी, किती? 10, 13, 16, 19, 25? शेठनी घाईत एक 10 रोंचा घेतला, तो लहान पडेल म्हणून मागाहून 19 चा मागवला. पहिला माळ्यावर गेला. "25 चा का नाही?" असं विचारल्यावर म्हणाले, "बंपरमध्ये मावत नाही." बंपर मोठा मिळाला असता तर काय झालं असतं, ते महागणपतीच जाणे.

त्यांचा एक मित्र आहे, शांत माणूस. त्याने सुचवलं की पाण्याने तेल थंड करणारा छोटा एक्स्चेंजर बसव. अनेक कंपन्या कारखान्यातूनच तो देतात, जागा कमी लागते, आणि पाणी आधी तापत असल्यामुळे सकाळी तो तेल लवकर गरमही करतो. सल्ला उत्तम होता. शेठनी एका वाक्यात निकालात काढला: "तो दिसत नाही." माझ्या मते या विषयावरचं इतकं प्रामाणिक विधान आजवर कुणी केलेलं नाही. जाळीतून आत काळं काहीतरी दिसलं पाहिजे, आणि सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याने वाकून बघितलं पाहिजे.

ए-विंगमधल्या कॉलेजच्या पोराने एकदा लिफ्टमध्ये शेठच्या हातातल्या कूलरकडे वाकून बघितलं. म्हणाला, "काका, ऑइल कूलर ना? माझ्या पल्सर 220 ला कंपनीनेच दिलाय." हेही खरं. 2007 साली ती मोटरसायकल आली तेव्हापासून तिला कूलर आहे. शेठ चौथ्या मजल्यापर्यंत काही बोलले नाहीत.

मग आली सँडविच प्लेट. इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्या मध्ये ही चकती बसते, तेल तिच्यातून बाहेर कूलरकडे जातं आणि परत येतं. हिचा आटा फिल्टरच्या आट्याशी जुळावा लागतो. बाजारात दोन आटे फार चालतात, एक 20 मिलिमीटरचा, दुसरा पाऊण इंचाचा, म्हणजे 19.05 मिलिमीटरचा. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही, पण गाडी दिवसभर उभी ठेवायला तेवढा पुरतो. शेठनी परदेशातून मागवलेली प्लेट पाऊण इंची निघाली. तीही माळ्यावर गेली. शेवटी नाना पेठेत गेले. काउंटरवरच्या माणसाने जुना फिल्टर हातात घेतला, अंगठा फिरवला आणि मागच्या फळीवरून 20 मिलिमीटरची प्लेट काढून ठेवली. शेठच्या खिशात डिजिटल कॅलिपर होता. तो त्यांनी खिशातच ठेवला.

तेल कूलरकडे नेणाऱ्या होजसाठी भोसरी. शेठना स्टीलची जाळी विणलेला एएन-10 होज हवा होता. हे एएन म्हणजे अमेरिकेच्या आर्मी-नेव्हीचं माप, इंचाचे सोळा भाग करून मोजायचं. 10 म्हणजे पाच अष्टमांश इंच. एमआयडीसीत हायड्रॉलिक होज दाबून देणाऱ्या माणसासमोर शेठनी हा सगळा इतिहास सांगितला. तो माणूस दिवसभर जेसीबीचे, दोनशे बारच्या पुढचा दाब सोसणारे होज बनवतो. त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, तुमचा दाब किती?"

"चार-पाच बार."

त्याने मान हलवली आणि पोऱ्याला सांगितलं, "साहेबांचं आधी करून दे रे."

बसवण्याचा दिवस रविवार, जागा सोसायटीचं पार्किंग. सेक्रेटरींनी सकाळीच येऊन मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 काढलं: नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. शेठ म्हणाले, "पुस्तकात तेलाचं तापमान लिहिलेलं नसतं." सेक्रेटरी घरी जाऊन परत पुस्तक वाचू लागले असावेत, कारण दिवसभर खाली आले नाहीत.

मिस्त्री मात्र खरा माणूस. बोलणं कमी, हात स्वच्छ. बंपर उतरवला. कूलर एसीच्या कंडेन्सरपुढे लावायचा, पण त्याला चिकटवायचा नाही. शेठना तो नंबरप्लेटच्या बरोबर मागे, मध्यभागी हवा होता. मिस्त्री म्हणाला, "साहेब, प्लेटच्या मागे हवा येते कुठे?" शेठनी प्लेटकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "ती नाही काढायची." कूलर एका बाजूला सरकला. नुसती हवा आत येऊन चालत नाही, तापलेली हवा मागून निघून जायला वाट लागते. ती नसेल तर केवढाही कूलर लावा, काम करत नाही. तोंडं वर ठेवली, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. होज टर्बोपासून लांबून वळवले, पत्र्यातून जातात तिथे रबराची कडी घातली, दर वीतभर अंतरावर क्लॅम्प. यात शेठनी घाई करायला सांगितली तेव्हा मिस्त्रीने पाना खाली ठेवला. घासून फाटलेल्या होजमधलं तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं की गाडी पेटते. हे त्याने सांगितलं नाही, फक्त टर्बोकडे बोट दाखवलं.

मग ओ-रिंगला बोटाने तेल लावून फिल्टर हातानेच आवळला. नव्या होजमध्ये आणि कूलरमध्ये जाणारं जादा तेल भरलं. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन नुसतं फिरवलं, तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझेपर्यंत. या वेळात शेठ मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. फ्यूज बसला, इंजिन सुरू झालं, आणि पुढून एक थेंब पडला.

पार्किंगमधली सगळी माणसं, दोन वॉचमन आणि एक इस्त्रीवाला, एकदम वाकले. मिस्त्रीने बोट लावलं, वास घेतला. "काच धुवायचं पाणी, साहेब. बंपर काढताना पाइप निघाला."

बंपर बसला तेव्हा तीन स्क्रू उरले. ते शेठनी चष्म्याच्या डबीत ठेवलेत.

खरी गंमत पुढे. प्लेटला जोडलेल्या सेन्सरमुळे शेठना अखेर तेलाचं तापमान दिसू लागलं, आणि ते तापेचना. प्लेटमध्ये थर्मोस्टॅट आहे, तो 80 च्या आसपास उघडतो. हिंजवडीच्या रांगेत मीटर कधी 84 दाखवी, कधी 88. संध्याकाळी पार्किंगमध्ये गाठून खिन्नपणे सांगत, "थंडच आहे हो."

वहिनी शेजारीच होत्या. "अहो, मग तेच तर हवं होतं ना?"

नव्हतं हवं तेच. तेल शंभरीच्या आसपास तापलं नाही तर ज्वलनातून येणारी वाफ त्यातच पाणी होऊन राहते. शिवाय डिसेंबरच्या पहाटे पुण्याच्या थंडीत तेल काकवीसारखं घट्ट असतं, त्याला आधी तापायला वेळ हवा. रेसवाले थंड दिवशी कूलरवर पट्ट्या चिकटवतात, हे शेठच्या वाचनात आलं. थर्मोस्टॅट बंद असताना कूलरकडे नावापुरतंच तेल जातं, तेव्हा याची फारशी गरज नव्हती. तरी एका सकाळी त्यांच्या कूलरपुढे वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा दिसला. एवढी खटपट करून आणलेल्या वस्तूला वारा लागू नये म्हणून पुठ्ठा लावणारा माणूस मी प्रथमच पाहिला. घरातल्या एसीत गॅस भरायचा राहिलाय, ही बाब वहिनींनी त्याच दिवशी काढली.

तेल तापवायला शेठ घाटात गेले. एक्सप्रेसवेच्या घाटात कारला 60 ची मर्यादा, वर कॅमेरे. तेल 93. तिथूनच कोइमतूरचं ठरलं.

कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, एस. करिवर्धन यांच्या नावाचा, दोन किलोमीटरहून थोडा लांब. पुण्याहून सुमारे 1200 किलोमीटर. शेठ आणि तो शांत मित्र आपापल्या गाड्या घेऊन गेले. रस्त्यावर आपण पूर्ण ॲक्सिलरेटर क्वचितच आणि क्षणभरच दाबतो. ट्रॅकवर फेरीमागून फेरी तेच चालतं, आणि तेलाला विसावा मिळत नाही. मित्राच्या गाडीचं तेल काही फेऱ्यांतच 130 ओलांडून गेलं, त्याला गाडी हळू फिरवून बाहेर काढावी लागली. शेठचा काटा 112 वर चढला आणि तिथेच राहिला. त्या दिवशी शेठ शंभर टक्के बरोबर होते. परत आल्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त लिफ्टच्या आरशाखाली तापमानाचा आलेख चिकटवला, तो सेक्रेटरींनी काढायला लावला.

वर्षातून एकदा कोइमतूर, उरलेलं वर्ष पुठ्ठा, असं आता चाललंय.

वाचकांसाठी एक निरोप आहे. शेठच्या माळ्यावर 10 रोंचा एक कूलर आणि पाऊण इंची आट्याची एक प्लेट कोऱ्या अवस्थेत पडून आहे, योग्य भावात द्यायची आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी आधी तेलाच्या तापमानाचा मीटर बसवावा आणि महिनाभर आकडे लिहून ठेवावेत. आकडे 110 च्या आत असतील तर कृपा करून शेठना फोन करू नका. ते तुम्हाला पटवतील.