हौदा रिकामा, कोटिंग सिरॅमिक

नवी मुंबईत ट्रकची दोन घराणी नांदतात. पहिलं कळंबोलीच्या लोखंड बाजारात पोलादाच्या कॉईल भरतं, नाहीतर जेएनपीटीच्या रस्त्यावर कंटेनर घेऊन रांगेत घाम गाळतं. दुसरं, हौशी पिकअपचं, रविवारी सकाळी पाम बीच रोडवर दिसतं. यालाही मागे हौदा असतो, पण त्यात आजवर चढलेलं सर्वांत जड सामान म्हणजे योगाची चटई.

लाड मात्र याचेच, नाव डिटेलिंग. आधी फोमची अंघोळ. मग क्ले बारने रंगात रुतलेली तळोज्याची धूळ उपटायची, मशीनने पॉलिश करायचं आणि वरून सिरॅमिक कोटिंग. केबिनमधल्या सीटना वाफारा. बॉनेट उघडलं की अल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्स प्लास्टिकने झाकायचे, डीग्रीजर फवारायचा, ब्रशने घासायचं, बेताच्या दाबाने धुवायचं. इंजिनावर दमायची वेळ कधी आलेलीच नसते, तरी त्याचा थकवा काढला जातो. एवढं झाल्यावर बंपरला लिंबू-मिरची. सिरॅमिकवर तेवढा भरवसा नसावा.

कळंबोलीच्या ट्रकचं डिटेलिंग आरटीओ करवून घेतं. पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा, पुढे दरवर्षी पासिंग. आदल्या दिवशी रंगाचा एक हात, रिफ्लेक्टरच्या नव्या पट्ट्या, की झाला नवरदेव.

पाम बीचवाल्यांना एकच विनंती: पुढच्या कोटिंगआधी हौद्यात दोन पोती सिमेंट टाकून बघा. गाडीला झेपतं, तिची कंपनी तसं लेखी देते.