गणिताला कुठे घातलंय?

नववीचा शेवटचा पेपर अजून व्हायचा असतो आणि इकडे दहावीच्या गणिताची चौकशी सुरू झालेली असते. "गणिताला कुठे घातलंय?" हा प्रश्न मी डोंबिवलीच्या फडके रोडवर ऐकलाय, सोसायटीच्या लिफ्टमध्ये ऐकलाय, आणि एका परिचितांच्या दहाव्याला, कावळा शिवायची वाट पाहत ताटकळलेल्या मंडळींतही ऐकलाय. इतिहासाला कुठे घातलंय, असं कोणी विचारत नाही. इतिहास मूल आपापला पाठ करील, मराठी काय घरचंच, भूगोल शेवटच्या आठवड्यात होतो, अशी आपली सामाजिक श्रद्धा आहे. गणिताच्या बाबतीत मात्र देवावर भार टाकायची कोणाचीच तयारी नसते.

गेल्या वर्षी ही मोहीम माझ्याकडे आली. भाची दहावीत गेली होती. ताईचं म्हणणं, "तू बँकेत होतास, तुला आकड्यांतलं कळतं." बँकेत आकडे आधी लेजर सांभाळायचं, मग कॉम्प्युटर सांभाळू लागला, आणि आम्ही सह्या करत आलो, हे बाहेरच्या जगाला अजून ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. निवृत्त माणसाला कोणी काम दिलं तर त्यानं फार चौकशा करू नयेत.

घरच्या घरी भागतं का, हे तोवर पाहून झालं होतं. भावोजी इंजिनिअर. एका रविवारी बाह्या सरसावून बसले. वर्गसमीकरण समोर आलं, त्यांनी सूत्रात किमती घातल्या आणि तीन ओळींत उत्तर काढून पेन खाली ठेवलं. भाची वहीकडे पाहत म्हणाली, "बाबा, पूर्ण वर्ग पद्धतीनं सोडवा असं दिलंय. याला मार्क नाही मिळणार."

"उत्तर बरोबर आहे ना?"

"उत्तर बरोबर आहे. पद्धत चुकली."

पूल बांधणाऱ्या माणसाला हे ऐकून घेणं सोपं नव्हतं. पुढच्या रविवारी अंकगणिती श्रेढी निघाली, तेव्हा त्यांना नेमका ऑफिसचा कॉल आला आणि तो जेवायच्या वेळेपर्यंत चालला.

तर मग क्लास. पहिला प्रश्न सगळीकडे एकच, "बोर्ड कुठलं?" राज्य मंडळात गणिताचे दोन भाग. पहिला बीजगणित, दुसरा भूमिती. प्रत्येकी 40 गुण आणि दोन तास, वर 20 अंतर्गत गुण, मिळून शंभर. केंद्रीय मंडळाचा एकच पेपर 80 गुणांचा, पण तिथे 2020च्या परीक्षेपासून गणिताचे बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन दर्जे झालेत. आमच्या इमारतीत बेसिक कोणीही घेत नाही, आणि घेतलं तर ते घराबाहेर जात नाही. भाची राज्य मंडळाची, त्यातून सेमी-इंग्रजी. म्हणजे शाळेत आयसोसेलिस, आजीशी बोलताना समद्विभुज, आणि दोन्ही भाषांत तिसरी बाजू कुठली ते आठवत नाही.

आधी मोठ्या क्लासला गेलो. काचेचं दार, एसी, भिंतभर यशस्वी चेहरे. बाहेरच्या फ्लेक्सवर तर इतके चेहरे, की नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारी मंडळी वाटावीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2024मध्ये या जाहिरातींसाठी नियमावली काढली. विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यायची, आणि त्यानं नेमका कुठला कोर्स किती काळ केला, पैसे भरून केला की फुकट, हेही सांगायचं. भिंतीवरच्या चेहऱ्यांखाली मला टक्केवारी दिसली, बाकी काही दिसलं नाही. चष्मा लावून पाहिलं तरी नाही.

काउन्सिलर म्हणून एक हसतमुख मुलगी होती. तिनं भाचीला विचारलं, "तुझं टार्गेट काय?" भाचीनं मनापासून विचार केला आणि म्हणाली, "किती वाजता सुटणार, त्यावर आहे." काउन्सिलरनं कागदावर 95 लिहिलं.

मग ती सगळं सांगत गेली. व्हेकेशन बॅच, टॅबलेट, टेस्ट सिरीज, क्रॅश कोर्स, आणि शेवटी मुख्य दागिना काढावा तसं, "दिवाळीपर्यंत आमचा पोर्शन पूर्ण होतो." ताईचा चेहरा उजळला. पोर्शन संपणं या गोष्टीचं आपल्याला विलक्षण आकर्षण आहे. तो कोणाचा संपतो, हे मात्र विचारायचं राहून जातं. सरांचा संपतो. मूल श्रेढीच्या दुसऱ्या उदाहरणाशीच थांबलेलं असू शकतं. पोर्शनला त्याचं काही वाटत नाही.

वर्ग पाहायला आत नेलं. माझ्या अंदाजानं खोली वीस बाय पंधरा फुटांची. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी 2024मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत एका विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा असावी असं म्हटलंय. तीनशे चौरस फूट म्हणजे अठ्ठावीस चौरस मीटरला किंचित कमी. सत्तावीस मुलं बसतील, अठ्ठावीसावं दारात उभं राहील. बाकं साठ जणांची होती. त्याच सूचनांत असंही आहे, की क्लासनं सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, प्रवेश द्यायचा तो दहावीची परीक्षा झाल्यावरच. म्हणजे दहावीच्या क्लासला जायला आधी दहावी झालेली हवी. गणितात इतकं चोख वर्तुळ पाठ्यपुस्तकातही सापडायचं नाही. अर्थात या सूचना आहेत, त्या अमलात आणणं राज्यांकडे सोपवलंय, आणि पन्नासच्या आत मुलं शिकवणाऱ्याला त्या लागू नाहीत. काउन्सिलरला मी यातलं काही बोललो नाही. तिचा पगार या विषयातून येत नव्हता.

फीचा कागद पुढे आला. खाली 18 टक्के जीएसटी, नऊ केंद्राचा, नऊ राज्याचा. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजन नावाचं प्रकरण आहे, त्यात हेच शिकवतात. समजा तीस हजार फी असली तर कर 5,400. प्रकरण शिकायचे पैसे भरताना तेच प्रकरण पावतीवर सोडवून मिळतं. मला वाटतं, क्लासनं दिलेला हा एकमेव प्रत्यक्ष अनुभव असावा.

फीवरून आठवलं. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, साल 1207. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत. मठाचा खर्च कसा चालावा याची तजवीज त्यात आहे: बाजारातल्या उत्पन्नाचा वाटा, आणि गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल. गणित शिकवण्याचा भार अख्ख्या बाजारपेठेनं थोडा थोडा उचलायचा, ही कल्पना मला फार आवडते. आठशे वर्षांत आपण तो भार एकेका घरावर आणून ठेवला आणि वर कर लावला. ज्यासाठी तो मठ निघाला, त्या ग्रंथांतली 'लीलावती' 1150च्या सुमाराची. तिच्यात फुलांवरचे भुंगे मोजायला दिलेत, आणि प्रश्न एका मुलीला लाडानं हाक मारून विचारलेत. टार्गेट विचारलेलं नाही.

आईनं, म्हणजे भाचीच्या आजीनं, आपली स्वतंत्र परीक्षा ठेवली होती. गल्लीतल्या एका क्लासचे तरुण सर घरी बोलायला आले. चहा झाला, आणि आईनं विचारलं, "सतराची पाऊणकी किती हो?" सर हसले, मग गंभीर झाले, मग मोबाईलकडे हात गेला. "पावणेतेरा," आई म्हणाली आणि कप उचलून आत गेली. तिच्या लेखी निकाल लागला होता. हे अन्यायाचं होतं, असं मी तिला नंतर म्हणालो. पाढे येणं आणि शिकवता येणं या निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या वेळच्या कित्येक मास्तरांना तीसपर्यंतचे पाढे आणि सगळ्या अपूर्णांकांच्या पावक्या-निमक्या तोंडपाठ होत्या, आणि वर्गातली निम्मी मुलं त्यांच्या धाकानं गणिताला जन्मभर मुकली. आई म्हणाली, "पण पावणेतेरा ते पावणेतेराच ना?" या युक्तिवादाला उत्तर नाही.

शाळेतल्याच सरांकडे पाठवा, असा सल्लाही लिफ्टमध्ये हळू आवाजात मिळाला. आवाज हळू, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28नं शिक्षकाला खासगी शिकवणीची बंदी आहे. तो रस्ता आम्ही सोडला. ऑनलाइनचाही सोडला, भाचीनं एका डेमोच्या वेळी कॅमेरा बंद ठेवून मेंदी काढली होती आणि मेंदी सुरेख रंगली होती.

शेवटी ताईच्या मैत्रिणीनं एका काकूंचं नाव सुचवलं. शाळेतून निवृत्त झालेल्या, दोन खोल्यांच्या घरात सात-आठ मुलं, बाहेर पाटी नाही, फोनवर गोड बोलणं तर मुळीच नाही. आम्ही गेलो तेव्हा त्या कुकर लावून आल्या. टार्गेट विचारलं नाही, मागचे मार्क विचारले नाहीत. म्हणाल्या, "चाचणीच्या पेपरात चुकलेलं एखादं गणित दाखव." असं कोणी मागितलेलं भाचीनं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या सॅकमधून आजवर बरोबर आलेलीच पानं बाहेर निघायची.

वर्गसमीकरण होतं. वर लाल फुली, खाली शून्य. काकूंनी पेन्सिलनं ओळीमागून ओळ वाचत नेली आणि तिसऱ्या ओळीवर टेकवली. क्ष वजा 3 या पदाचा वर्ग भाचीनं क्ष-वर्ग वजा 9 असा केला होता. मधलं 6 क्ष गायब, आणि 9चं चिन्हही उलटं. "पुढचं सगळं बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "तुझं वर्गसमीकरण चुकत नाही. हे सातवीतलं राहिलंय." सातवीच्या पुस्तकात वर्ग विस्ताराचा धडा आहे, त्या वर्षी भाचीला टायफॉइड झाला होता. ताईला ते आत्ता आठवलं.

मला हे फार मोलाचं वाटलं. दहावीत अडलेलं गणित बहुधा दहावीतलं नसतंच. कोणाचं सातवीत विस्कटलेलं असतं, कोणाचं पाचवीच्या अपूर्णांकांत, कोणाचा कंस उघडताना वजा चिन्हाशी जुना तंटा असतो. बाहेरची सगळी यंत्रणा पुढे पळवण्यासाठी आहे; मागे जाऊन पाहायला तिच्या वेळापत्रकात जागा नाही. चाचणी झाली की आईबापांच्या मोबाईलवर 40 पैकी 31 असा संदेश येतो. गेलेले नऊ कुठे गेले, हे त्यात नसतं, आणि खरं तर फी त्या नवांसाठीच भरलेली असते. मंडळ पायरीला गुण देतं. भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता एवढं नीट लिहिणाऱ्या मुलाच्या पदरात शेवट चुकला तरी काहीतरी पडतं. पायऱ्या वाचण्याइतका वेळ क्लासलाही काढता यायला हवा.

मोठ्या क्लासमध्ये चांगले सर नसतात, असं मी म्हणणार नाही. असतात, आणि काही मुलं त्या झगमगाटात, टेस्टच्या चढाओढीत खरोखर फुलतात. ज्याचा पाया पक्का आहे त्याला सराव आणि वेग लागतो, तो तिथे भरपूर मिळतो. घरगुती क्लास म्हणजे प्रेमळपणा, हेही खरं नाही. पलंगावर पहुडून सरावसंच क्रमांक पुकारणारे सरही मी पाहिलेत. आमच्या काकू प्रेमळ मुळीच नाहीत. भाचीला त्यांनी पहिला महिनाभर सातवी-आठवीची पुस्तकं काढायला लावली. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती पीडीएफमध्ये फुकट मिळतात, म्हणून तोही खर्च नाही. ताई रोज विचारी, "दहावीचं कधी सुरू?" काकूंचं उत्तर, "दहावीचंच चाललंय."

तेव्हा यंदा ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे, त्यांना एक सुचवतो. डेमो लेक्चरला जाऊन काही कळत नाही; डेमोला सगळेच सर उत्तम शिकवतात. त्याऐवजी त्या क्लासला वर्षभर गेलेल्या मुलाची वही मागून घ्या आणि चुकलेलं गणित शोधा. नुसती फुली असेल तर नमस्कार करून निघा. चुकलेल्या ओळीखाली रेघ असेल, तर फी विचारा. तीही पटली तरी एकरकमी भरू नका, आणि भरलीच तर पावती जपून ठेवा: मोठ्या क्लासांसाठीच्या त्या जानेवारी 2024च्या सूचनांप्रमाणे मुलानं क्लास मध्येच सोडला, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी.