कात्री लावा, पण तारीख बघून

महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात २०२४ साली कुशल मनुष्यबळाचा करार झाला. त्या वाटेनं म्हणा किंवा स्वतःच्या हिमतीवर, निफाडकडचा एखादा पोरगा माळीकाम शिकायला ऐन वसंतात स्टुटगार्टात उतरतो. घरची द्राक्षबाग छाटून हात बसलेला. झाडाला काय कळतंय देश कुठला?

झाडाला नाही कळत, कायद्याला कळतं. १ मार्च ते ३० सप्टेंबर कुंपणाची खोल छाटणी बंद, कारण पाखरांची घरटी. (आपल्याकडे घरटं बांधण्याआधी पाखरांनीच महापालिकेत चौकशी करावी.) वस्तीत गवत कापायचं यंत्र रविवारी गप्प, एरवीही रात्री आठ ते सकाळी सात गप्प. एप्रिलच्या उन्हाला भुलून टोमॅटोची रोपं बाहेर काढली, की शेजारची आजी हटकणार: १५ मेची ‘थंड सोफी’ सरल्याशिवाय हिमाचा भरवसा नाही! पंचांगाला हसणारा आपला कृषी पदवीधर मग निमूट ख्रिस्ती संतांच्या तिथ्या पाठ करतो.

दमून खोलीवर यावं तर दारावर पाटी: या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. ही स्वाबियन रीत, ‘केरवोखे’. घरी ताट न उचललेला गडी इथं पायऱ्या पुसतो आणि आईला फोनवर सांगतो, “ट्रेनिंग चालू आहे.”

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. जिन्याचा झाडू मात्र मुंबईनं बहिणीकडून अजून मागितलेला नाही.