कोडकलावंत

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत एक टेबल असं असतंच, जिथे प्रोग्रॅमर बसत नाही, कलावंत बसतो. बाकीचे कोड लिहितात. याला तो सुचतो. तोही दुपारी तीननंतर, हेडफोन लावल्यावर. सकाळच्या स्टँडअपला "काल काय केलंस?" असं विचारलं की म्हणतो, "विचार."

नियमांशी याचं जुनं वैर. पायथॉनची पेप 8 नावाची आचारसंहिता आहे, 2001 सालची. ओळ 79 अक्षरांपुढे जाऊ नये, असं ती सांगते. हा विचारतो, "1928 साली आयबीएमच्या पंचकार्डावर 80 रकाने होते, म्हणून मी आज अंग चोरून लिहू?" मुद्दा बिनतोड आहे. फक्त याची ओळ वाचता वाचता स्क्रीन संपतो, ओळ संपत नाही.

कोड रिव्ह्यूत कुणी "समजलं नाही" असं लिहिलं, की हा सुस्कारा सोडून 1983 सालच्या टॉम डफची गोष्ट सांगतो. डफने सी भाषेत स्विचच्या पोटात लूप घुसवून प्रोग्रॅम पळवला होता. या युक्तीचा अभिमान वाटतो तशी किळसही येते, हे खुद्द डफनेच सांगून ठेवलंय. तेवढा भाग मात्र गोष्टीत येत नाही.

तयार लायब्ररी वापरणं म्हणजे याला पाहुण्यांपुढे विकतची पुरणपोळी वाढल्यासारखं वाटतं. म्हणून विम्याच्या प्रोजेक्टमध्ये तारखांचा हिशेब याने स्वतः लिहिला. सालात एक मिळवला, की झाली पुढच्या वर्षीची तारीख! मग कुणीतरी 29 फेब्रुवारी 2024 ला पॉलिसी काढली आणि तिच्या नूतनीकरणाला 29 फेब्रुवारी 2025 हा मुहूर्त निघाला. कुठल्याच पंचांगात नसलेला. रात्री दोन वाजता सपोर्टच्या पोरांनी ते निस्तरलं. (कलावंत ऑन-कॉल नसतो.)

दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नाही. "29 फेब्रुवारी 2012 ला मायक्रोसॉफ्टची अझुअर सेवा याच चुकीने आडवी झाली होती," म्हणाला, आणि वर, "म्हणजे आपली लेव्हल बघा."

तरी खरं सांगतो, महिनाअखेरीचा जो रिपोर्ट रात्रभर चालायचा, तो चहा संपायच्या आत यायला लागला, तोही याच्यामुळेच. कसा, ते कुणालाच कळलेलं नाही, त्यामुळे त्या कोडला कुणी हात लावत नाही. असा माणूस तुमच्या टीममध्ये असेल तर त्याला सांभाळा. पुढची 29 फेब्रुवारी 2028 साली आहे. त्या दिवशी मात्र त्याची रजा मंजूर करू नका.