अदखलपात्र

भाईंदर रेल्वे स्थानकाचं विकिपीडियावर पान आहे. मीरा रोडचं आहे, नायगावचंही आहे. त्यासाठी या तिघांनी काय केलं? रुळांच्या कडेला उभे राहिले, एवढंच. स्थानकाचं बरं असतं. वेळापत्रकात नाव लागतं, नकाशावर ठिपका पडतो, सरकारी कागदांत उल्लेख येतो आणि दर पावसाळ्यात वर्तमानपत्रवाले स्वतःहून दारात येतात. पान व्हायला तेवढं पुरतं. पण याच स्थानकांवरून जाणाऱ्या गाड्यांवर जीव टाकून कुणी एखादं संकेतस्थळ चालवत असेल, तर त्याचं पान व्हावं की नाही यावर मात्र दिवसचे दिवस काथ्याकूट चालतो.

भाईंदर पूर्वेचे एक काका डोळ्यांसमोर आणा. नेमके कुठल्या सोसायटीतले हे विचारू नये. असा एक जण प्रत्येक सोसायटीत सापडतोच. काका बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून रेल्वेत रुजू झाले, बिनपगारी. वसई खाडीवरच्या रेल्वेपुलांचे क्रमांक ७३ आणि ७५, दोहोंच्या मधलं बेट पाणजू, हे ते झोपेतही सांगतील. पश्चिम रेल्वेची उपनगरी लाइन १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर २०१२ मध्ये पुरती गेली आणि देशातली पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ ला धावली, या तारखा त्यांना तोंडपाठ. घरच्यांचे वाढदिवस मात्र काकूंना आठवण करून द्यावे लागतात. फोटो, इंजिनांचे क्रमांक, रद्द झालेली वेळापत्रकं असा सगळा ऐवज काकांनी स्वतःच्या संकेतस्थळावर मांडून ठेवला आहे.

त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. ती मराठी विकिपीडियावर लिहिते. जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी काकांनी तिला गाठलं.

“काय गं, त्या विकिपीडियावर आमच्या साइटचं पान टाकतेस का? मजकूर तयार आहे. मीच लिहिलाय.”

“तीच तर अडचण आहे ना काका. स्वतःबद्दल स्वतःच लिहायचं नसतं.”

“मग तू तुझ्या नावाने टाक.”

“नावाचं काय घेऊन बसलात? तुमच्या साइटबद्दल दुसऱ्या कुणी काही लिहिलंय का? पेपरात, पुस्तकात?”

“दुसऱ्यांना काय कळतंय त्यातलं!”

सगळा पेच काकांच्या या शेवटच्या वाक्यात आहे. संकेतस्थळ चांगलं आहे का, उपयोगी आहे का, रोज किती लोक बघतात, हे विकिपीडिया विचारतच नाही. विचारतो ते एवढंच की, तुमच्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांनी, भरवशाच्या ठिकाणी, तुमच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का? जाता जाता केलेला एका ओळीचा उल्लेख चालत नाही. तुम्हीच पाठवलेलं प्रसिद्धिपत्रक चालत नाही. मुलाखतीलाही फारसं वजन नाही, कारण तिच्यात बोलणार तुम्हीच. लग्न जमवताना मुलगा कसा आहे हे त्याच्या आईला विचारत नाहीत, शेजारी विचारतात, तसं हे.

नियम वाईट नाही. तो नसता तर काय झालं असतं, याची कल्पना मीरा-भाईंदरकरांना इतरांहून जास्त चांगली करता येते. इथे २००२ साली महानगरपालिका झाली आणि तेव्हापासून चौकाचौकांत ‘भावी नगरसेवक’ फुलू लागले. एकाच फ्लेक्सवर वाढदिवसाचा एक आणि शुभेच्छुक बावीस. यातल्या प्रत्येकाला मोबाइलवरून विश्वकोशात शिरता येतं. ‘कार्यसम्राट’, ‘युवाहृदयसम्राट’ अशा नोंदी रात्रीत उगवतात आणि सकाळी कुणातरी संपादकाला त्या उपटाव्या लागतात. सम्राटांसाठी लावलेल्या जाळ्यात काकाही अडकतात, ही खरी पंचाईत.

बरं, जाळ्याला थोरामोठ्यांचीही भीड नाही. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी सप्टेंबर २००७ मध्ये केप टाउनजवळच्या गुगुलेथू वस्तीतल्या ‘म्झोलीज’ या मटणाच्या दुकान-कम-खानावळीवर जेमतेम एका वाक्याचं पान लिहिलं. अर्धा तास उलटायच्या आत ते काढून टाकण्याची कार्यवाही सुरू! मग लांबलचक वादावादी झाली, लोकांनी धावपळ करून संदर्भ जमवले आणि पान वाचलं. आपल्याकडे शिक्षणसंस्थेच्या संस्थापकाच्या भाषणातला स्वल्पविराम काढायची कुणाची छाती आहे? २०१८ मध्ये तर याहून वरताण झालं. डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा मे महिन्यात ‘संदर्भ अपुरे’ म्हणून परत पाठवला गेला आणि २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. पान त्यानंतर तातडीने उभं राहिलं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. नोबेल नाही, पण रेल्वेमंत्र्यांचं प्रशस्तिपत्र चालेल का, असं त्यांनी विचारलं.

चाहत्यांच्या संकेतस्थळांना पान मिळतच नाही, असं नाही. एमर्सन स्पार्ट्झ नावाच्या बारा वर्षांच्या अमेरिकन पोराने १९९९ मध्ये हॅरी पॉटरच्या वेडापायी ‘मगलनेट’ सुरू केलं. २००५ मध्ये सहावं पुस्तक आलं तेव्हा खुद्द जे. के. रोलिंगबाईंनी त्याला मुलाखतीसाठी स्कॉटलंडला बोलावून घेतलं. जगभरच्या पत्रकारांनी त्या पोरावर लिहिलं आणि पानाचा प्रश्न निकालात निघाला. काकांची अडचण अशी की, लेखिकाबाई पाहुणचार करू शकतात, डब्ल्यूएपी-४ इंजिन करू शकत नाही.

काकांच्या जातकुळीचं खरंखुरं उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या काही भारतीयांनी १९८९ मध्ये भारतीय रेल्वेच्या चाहत्यांचा एक गट बांधला, तो ‘आयआरएफसीए’ या नावाने ओळखला जातो. देशापासून हजारो मैलांवर बसून ही मंडळी इंजिनांचे वर्ग, सिग्नलचे प्रकार आणि शेडांची सांकेतिक अक्षरं जमवत राहिली. त्यांच्या संकेतस्थळावरची प्रश्नोत्तरं म्हणजे रेल्वेवेड्यांची पोथीच. इंग्रजी विकिपीडियावर या मंडळींची नोंद आहे. पण त्यांच्या माहितीचा दाखला दुसऱ्या लेखात दिला की ‘हे हौशी लोक, यांना प्रमाण कसं मानायचं’ अशी कुरकुरही तिथेच ऐकू येते. म्हणजे आत बसायला जागा आहे, पण साक्ष द्यायला उभं राहिलं की उलटतपासणी.

मराठीत नेमकं याच्या उलटं घडतं, आणि ते जास्त मजेशीर आहे. ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ विशीच्या पुढे गेलं आहे. एखादं भावगीत उघडावं तर गीत, संगीत, ‘स्वराविष्कार’, राग, गीतप्रकार, नाटक किंवा चित्रपट हे सगळं ओळीने मांडलेलं, आणि अवघड शब्द आलाच तर खाली अर्थ दिलेला. मराठी विकिपीडियावर जुन्या गायक-संगीतकारांची पानं चाळली, की तळाशी ‘बाह्य दुवे’ या मथळ्याखाली हे नाव सहज भेटतं. एखादे गायक रात्री दहाला निवर्तले, तर साडेदहाला पान लावणारा उपसंपादक गाण्यांची यादी कुठून घेत असेल, हे त्याला विचारून लाजवू नये. सकाळी श्रद्धांजली छापून येते, यादी बिनचूक असते, पण ती कुठून आली याचा उल्लेख नसतो. आता नियमाप्रमाणे अशा संकेतस्थळाची दखल कुणी घ्यायची? वर्तमानपत्राने. आणि वर्तमानपत्र तर रोज घेतंय, फक्त न सांगता.

मराठीत आणखी दोन विघ्नं आहेत. पहिलं फाँटचं. युनिकोड रुळायच्या आधीची चाहत्यांची पानं ‘शिवाजी’, ‘किरण’ अशा फाँटांत बसवलेली असत. तुमच्या संगणकावर तो फाँट नसला, की लाडक्या नटाच्या चरित्राऐवजी रोमन अक्षरं आणि टिंबंकंस यांचा चिवडा समोर यायचा. कुठलंही शोधयंत्र त्यातून नटाचं नाव काढू शकत नव्हतं. दुसरं विघ्न कात्रणाचं. तेव्हा रविवारच्या पुरवण्यांत संकेतस्थळांची ओळख करून देणारे मजकूर यायचे, पण त्यातले कितीतरी आज इंटरनेटवर सापडत नाहीत. काकांकडे असं एक कात्रण आहे, लॅमिनेट केलेलं. पुरवणीचं नाव आणि तारीख मात्र कापताना गेली, कारण बातमी चौकोनात नीट बसत नव्हती. छापील संदर्भाला दुवा लागत नाही, पण वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक लागतो. मुलीने हे सांगितलं तेव्हा काका कात्रीकडे बघत राहिले.

अशा वेळी हमखास कुणीतरी जुन्या कोशांचे दिवस आठवून उसासा टाकतो. तेव्हा हे लफडं नव्हतं, हे खरं. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड, त्यातले पहिले पाच नुसती प्रस्तावना! मराठी विश्वकोशाचं काम वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सुरू झालं. त्याचे एकूण २० खंड. नोंद घ्यायची की नाही हे संपादक ठरवायचे आणि वाचक निमूटपणे विकत घ्यायचा. पण काकांना त्या काळात पाठवलं असतं तर त्यांची गत वेगळी झाली असती, असं मानायला आधार नाही. केतकरांनी काकांना दारातच बसवून घेतलं असतं, वर्गणीदार म्हणून.

इंग्रजी विकिपीडियावर पान काढून टाकण्याची चर्चा साधारण सात दिवस चालते आणि ती मतमोजणी नसते. शंभर चाहते येऊन ‘ठेवा’ म्हणाले आणि एकाने संदर्भच नाहीत हे दाखवून दिलं, तर त्या एकाचं वजन भारी ठरतं. मराठीत नियमित लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे ‘उल्लेखनीयता’ची पाटी पानावर लागते आणि चर्चेला माणूस न मिळाल्याने तशीच महिनोन्‌महिने लटकत राहते. या ढिलाईचा फायदा अधूनमधून एखाद्या सम्राटालाही होतो.

मुलीने मधला मार्ग काढला. स्वतंत्र पान नको. भाईंदर स्थानकाच्या पानावर काकांचे फोटो लावू. ते त्यांनी मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर चढवायचे. काकांनी खाडीपुलाचे उत्तम फोटो चढवले. थोड्याच दिवसांत त्यातला एक वर्तमानपत्रात दिसला. खाली श्रेय होतं, ‘छायाचित्र : विकिमीडिया’.

मग ८.२४ च्या लोकलचं प्रकरण झालं. भाईंदरहून सुटणारी सकाळची ही साधी लोकल वातानुकूलित केली म्हणून प्रवासी चिडले आणि त्याच्या बातम्या आल्या. एका वार्ताहराने काकांना फोन केला. काका पाऊण तास बोलले; डबे, व्होल्टेज, दारं उघडझाप व्हायला लागणारा वेळ, काही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी बातमीत दोन ओळी आल्या : ‘असे एका रेल्वे अभ्यासकाने सांगितले.’

काकांनी पेपर अख्खाच्या अख्खा जपून ठेवला, कात्रीला हात लावला नाही. तारखेखाली आणि पान क्रमांकाखाली लाल पेनने रेघ मारली आणि तिसऱ्या मजल्यावर गेले.

“हा ‘रेल्वे अभ्यासक’ म्हणजे मीच. आता होईल ना पान?”

तिने बातमी दोनदा वाचली. “तुम्हीच कशावरून, काका?”

“अगं, तो वार्ताहर सांगेल की!”

“त्याने ते कुठे छापलंय का?”